डब्यांतला फोन आणि फोनांतले डबे

श्रावणाच्या आरंभीं आमच्या वडील बंधूंच्या छातींत, हृदयाचे ठोके नियमित ठेवणारें 'पेसमेकर' नांवाचें यंत्र बसविण्यांत आलें. शस्त्रक्रिया उत्तम रीतीनें पार पडली. चौथ्या दिवशीं दादा भाईंदरला घरीं आले, आणि त्यांच्याबरोबर घरांत एक भीतिही शिरली. रुग्णालयानें दिलेल्या पत्रकांत 'मोबाइल फोन यंत्रापासून दूर ठेवावा' असें एक वाक्य होतें. किती दूर, हें पुढच्याच ओळींत छापलें होतें. परंतु घाबरलेल्या माणसांकडून पुढची ओळ वाचली जात नाहीं.

आमचें कुटुंब एकत्र. माणसें अकरा आणि मोबाइल नऊ. दोन सदनिकांमधली भिंत काढून केलेलें घर, त्यामुळें कोणाचा फोन कोठें वाजतो हें वाजल्यावरच कळावयाचें. वहिनींनीं त्याच संध्याकाळीं सर्वांस बजावलें कीं, दादांच्या खोलींत कोणींही फोन नेऊं नये. राहतां राहिला दादांचा स्वतःचा फोन. तो त्यांच्यापासून तोडणें शक्य नव्हतें, आणि उशाशीं ठेवूं देणें वहिनींच्या जिवावर येत होतें. ह्यावर त्यांनीं आपल्या बुद्धीनें तोड काढली. दिवाळींत लाडवांसाठीं काढावयाचा स्टेनलेस स्टीलचा मोठा डबा रिकामा केला, तळाशीं फडकें घातलें, त्यांत फोन ठेवला, आणि झांकण घट्ट बसवून तो डबा दादांच्या खोलींतल्या फडताळांत ठेवून दिला. "पोलादांतून लहरी बाहेर येणार नाहींत, आणि फोन वाजला तर आपल्याला ऐकूं येईल," असा त्यांचा हिशेब. हा निव्वळ अडाणीपणा होता असें कोणीं समजूं नये. त्यांनीं आधीं बाहेर दिवाणखान्यांत डबा बंद करून नातवाला फोन करावयास लावला होता, आणि डब्यांतला फोन खणखणीत वाजला होता.

लहरी जर पोलादांतून जात नाहींत तर फोन वाजला कसा, आणि वाजला तर डब्यानें अडविलें काय, असा प्रश्न त्या वेळीं कोणाच्याच मनांत आला नाहीं. ह्या सदराचा लेखक म्हणविणाऱ्या माझ्याही आला नाहीं. त्याची किंमत दादांस मोजावी लागली.

दुसऱ्या मंगळवारीं पुतणीची पहिली मंगळागौर होती. तिचें सासर वसईचें; म्हणजे भाईंदरची खाडी ओलांडली कीं दुसरें स्टेशन. जागरणासाठीं सारें घर तिकडे गेलें. दादांच्या सोबतीस कॉलेजांत जाणारा नातू राहिला आणि बाहेरच्या खोलींत, कानांत गाण्याचीं बोंडें घालून, झोपीं गेला. मध्यरात्रीच्या सुमारास दादांना घेरी आल्यासारखें वाटूं लागलें. हाक नातवाच्या कानापर्यंत पोंचेना. फोन करावा म्हणून ते उठले, अंधारांत फडताळ चांचपलें, डबा हाताशीं आला, पण झांकण निघेना. तें एकदाचें निघालें तें दादांसह खालीं आलें. झांकण आपटल्याच्या आवाजानें नातू जागा झाला. कपाळाला तीन टाके पडले. घेरीचें कारण एका गोळीची मात्रा हें निघालें; पेसमेकरचा किंवा फोनचा तिच्याशीं कांहीं संबंध नव्हता. इकडे वसईस वहिनी तास-तासानें फोन लावीत होत्या, आणि 'आपण संपर्क साधूं इच्छितां ती व्यक्ति संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे' हें गोड आवाजांतलें वाक्य ऐकत होत्या. ती व्यक्ति घरांतच होती. फोन मात्र डब्यांत होता.

दादा आतां बरे आहेत, म्हणून ही गोष्ट सांगतां येते. सांगण्याचें कारण असें कीं, निरनिराळ्या रूपांतले असे डबे मला ह्या गांवांत घरोघर दिसूं लागले आहेत. कोणी फोनच्या पाठीवर 'लहरी शोषणारी' चकती चिकटवितो, कोणी धातूच्या धाग्यांचें पाकीट विकत घेतो. धातूचें आवरण लहरींना अडवितें, हें ज्ञान खरें आहे. तें आवरण कोणाच्या अंगावर घालावयाचें, एवढेंच चुकतें आहे.

दुसऱ्या आठवड्यांत मी घरांतला एक निकामी फोन घेऊन स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानीं गेलों आणि तो उघडून दाखविण्याची विनंति केली. कारागिरानें पाठ काढली, बॅटरी बाजूस केली, आणि बोर्ड माझ्यापुढें धरला. मीं आंत बारीक बारीक काळ्या चिपांचें गांव पाहावयास मिळेल अशी अपेक्षा केली होती. प्रत्यक्षांत दिसल्या त्या पत्र्याच्या चपट्या डब्या. कांहीं नखाएवढ्या, कांहीं टपालाच्या तिकिटाएवढ्या, एकीला लागून एक. कारागीर त्यांना 'शील्ड' म्हणतो. एका डबीवर त्यानें गरम हवेचा झोत धरला, चिमट्यानें झांकण उचललें, आणि मग आंतल्या चिपा दिसल्या. तो म्हणाला, "साहेब, हें झांकण परत नीट बसलें नाहीं ना, तर फोन चालतो, पण रेंज जाते. गिऱ्हाईक दोन दिवसांनीं परत येऊन भांडतं."

पाहा, गंमत कशी आहे ती. डबा फोनवर घातला तर रेंज जाते, आणि फोनांतला डबा काढला तरीही रेंज जाते.

ह्याचें कारण समजण्यास फोनाच्या कानाची ताकद आधीं लक्षांत घ्यावी लागते. चौथ्या पिढीचा, म्हणजे 4जी फोन, बोलतांना जास्तींत जास्त सुमारें 0.2 वॅट इतक्या शक्तीनें लहरी सोडतो. टॉवरकडून त्याला जें ऐकावें लागतें तें मात्र कित्येक वेळां एका वॅटच्या दहा लाख कोटींव्या हिश्शाइतकें क्षीण असतें. बोलणें आणि ऐकणें ह्यांच्या शक्तींत दोन लाख कोटी पटींचें अंतर! त्यांतही हें ऐकावयाचें कोठें, तर एका तळहाताएवढ्या घरांत. आणि त्याच घरांत गणितें करणारी मुख्य चिप, स्मरणाच्या चिपा, पडद्याकडे व कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या तारा, बॅटरीचा दाब कमी-जास्त करणारे घटक हे सर्व एकाच वेळीं राबत असतात. माजघरांत म्हातारे आजोबा कानाला हात लावून कोणाचा तरी निरोप ऐकत आहेत, आणि शेजारच्या खोलींत मुसळाचे घाव पडत आहेत, अशी ती स्थिति.

बरें, हे घाव त्यांच्या स्वतःच्या सुरावरच थांबते तर एक वेळ चाललें असतें. परंतु ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांना ठाऊक आहे कीं, खर्जाची तार नीट जुळली म्हणजे तींतून न छेडलेला गंधारही ऐकूं येतो. तो कोणीं बाहेरून आणलेला नसतो. मूळ कंपनसंख्येच्या पांचपटीचा तो स्वर तारेच्या पोटांतच असतो. विजेच्या स्पंदांचेंही तसेंच आहे. फोनांतील घड्याळाचा स्फटिक एका ठराविक गतीनें टिकटिकतो, आणि त्या टिकटिकीच्या दुप्पट, तिप्पट, दसपट असे सर्व स्वर तिच्याबरोबर निघतात. 2जी फोनांत हा स्फटिक बहुधा सेकंदास 2 कोटी 60 लक्ष, म्हणजे 26 मेगाहर्ट्झ, इतक्या कंपनांचा असे. त्याची छत्तीसपट केली तर 936 मेगाहर्ट्झ येतात. आणि टॉवरनें फोनाशीं बोलण्यासाठीं राखून ठेवलेला पट्टा 935 पासून 960 पर्यंतचा! म्हणजे फोनाचें स्वतःचें घड्याळच नेमक्या त्या जागीं गुणगुणत बसावयाचें, जेथें दूरची कुजबुज ऐकावयाची आहे. अशा वेळीं घड्याळ बंद करतां येत नाहीं, कुजबुज मोठी करतां येत नाहीं. मध्यें भिंत घालणें एवढाच उपाय उरतो. त्या पत्र्याच्या डब्या म्हणजे ह्या भिंती होत. त्यांचा उद्देश आपल्या शरीराचें रक्षण हा नाहीं. एका छपराखालीं राहणाऱ्या चिपांनीं एकमेकींस त्रास देऊं नये, हा आहे. आमच्या आजीच्या सोवळ्यानें घरांत पुष्कळांचीं मनें दुखावलीं. चिपांच्या ह्या सोवळ्याला निदान सिद्ध करून दाखवितां येण्याजोगें कारण तरी आहे.

अशा उपद्रवाचा अनुभव पुष्कळ वाचकांनीं पूर्वीं कानांनीं घेतला असेल. 2जी फोन रेडिओजवळ ठेवला कीं, घंटी वाजण्याच्या आधींच रेडिओंतून 'टर्र-टर्र, टर्र-टर्र' असा आवाज येई. तो फोन अखंड न बोलता सेकंदाला सुमारें 217 वेळां तुटक तुटक बोले; रेडिओच्या उघड्या तारा ती तुटकता पकडीत आणि तिचा गुरगुराट करून आपणांस ऐकवीत. ही भुताटकी नव्हती. रेडिओला कपडे कमी पडले होते, इतकेंच.

धातूच्या पेटींत विजेचा उपद्रव शिरत नाहीं, हें मायकेल फॅरडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें 1836 सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रत्यक्ष दाखविलें. बारा फूट लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच अशी पेटी करून त्यानें ती धातूनें मढविली आणि नाजूक विद्युन्मापक घेऊन तो स्वतः आंत जाऊन बसला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या. आंत कांटा हलला नाहीं.

भिंत किती जाड असावी? येथें मात्र आपला अनुभव फसवितो. चोरास अडवावयाचें तर जाड पत्रा चांगला. लहरीस अडविण्यास जाडी फारशी लागत नाहीं. 1000 मेगाहर्ट्झची लहर तांब्यांत शिरली, तर मिलिमीटरच्या सुमारें पांचशेव्या भागाइतकी खोल जातांच तिचा जोर 37 टक्क्यांवर येतो, आणखी तितकेंच अंतर गेलें कीं उरलेल्याचे पुन्हां 37 टक्के. पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागदही ह्या मापानें जाडजूड तट ठरतो. म्हणून फोनांतल्या डब्यांचा पत्रा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचाच असतो, आणि तोही लहरींसाठीं नव्हे, हातांत धरतां यावा व वांकूं नये म्हणून. पुष्कळदां तो कल्हई केलेल्या पोलादाचा असतो, किंवा तांबें, निकेल व जस्त ह्यांच्या मिश्रणाचा. हें मिश्रण म्हणजे आपल्या आजीच्या फडताळांतलें 'जर्मन सिल्व्हर', ज्यांत चांदीचा कणही नसतो! नव्या फोनांत तर कांहीं चिपांवर वेगळी डबी न बसवितां, कल्हईवाल्यानें भांडें फिरवावें त्याप्रमाणें, धातूचा काही मायक्रोमीटरांचा थर चिपेच्या अंगावरच चढवितात.

खरी परीक्षा पत्र्याची नाहीं, फटीची आहे. आमच्या भाईंदरला पूर्वेच्या बाजूस स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहान लहान पुष्कळ कारखाने आहेत. सपाट पत्र्याचा गोल तुकडा प्रेसखालीं घालून त्याचा डबा ओढून काढतात, तें काम घटकाभर उभें राहून पाहण्यासारखें असतें. फोनांतली डबीही पत्र्यापासून प्रेसवरच होते. परंतु भांडी करणाऱ्याला झांकण हातानें लागावें व हातानें निघावें अशी काळजी घ्यावी लागते. डबी करणाऱ्याला झांकण व कांठ ह्यांमध्यें वीज वाहण्यास कोठेंही खंड पडूं नये, ही काळजी. लहरीची लांबी ठरलेली असते: 900 मेगाहर्ट्झची सुमारें 33 सेंटीमीटर, 2300 ची 13, आणि आपल्याकडे 5जी साठीं वापरतात त्या 3500 मेगाहर्ट्झच्या लहरीची साडेआठ. फटीची लांबी ह्याच्या निम्म्याच्या जवळ आली कीं ती केसाइतकी अरुंद असली तरी लहर तींतून खुशाल ये-जा करते. किंबहुना ती फट स्वतःच अँटेनाचें काम करूं लागते. उलट, लहान लहान गोल भोंकें कितीही असलीं तरी फारसें बिघडत नाहीं. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दाराला जाळी असते. तिच्या बारीक भोंकांतून उजेड बाहेर येतो व भाजी शिजतांना दिसते, पण आंतली 12 सेंटीमीटरची लहर बाहेर पडत नाहीं.

आतां वहिनींच्या डब्याकडे वळूं. त्याचा व्यास 24 सेंटीमीटर, म्हणजे झांकणाचा कांठ पाऊण मीटर लांब. आपल्या बोटांना झांकण घट्ट वाटतें तेव्हांही धातूला धातु टेकते ती पांच-सहा ठिकाणींच. मधलें सर्व फट. प्रेशर कुकरची गोष्ट ह्याहून मौजेची. त्याच्या झांकणाचें रबरी कडें वाफेचा कण बाहेर जाऊं देत नाहीं, पण झांकण व भांडें ह्यांना तें सबंध कांठभर एकमेकांपासून अलग ठेवतें, आणि रबरांतून लहरी सुखानें जातात. वाफेच्या दृष्टीनें बंद, लहरींच्या दृष्टीनें उघडा! म्हणून यंत्रांच्या पेट्यांना जेथें कडें घालावयाचें असतें तेथें चांदीचे किंवा निकेलचे कण मिसळलेलें रबर वापरतात, किंवा स्पंजावर धातूचें कापड चढवितात.

फोनाच्या सेटिंगमध्यें टॉवरच्या लहरींचा जोर डेसिबलच्या आंकड्यांत पाहावयास मिळतो. दहा डेसिबल कमी म्हणजे जोर दहावा हिस्सा, वीस कमी म्हणजे शंभरावा. मीं आमच्या घरीं पाहिलें. दिवाणखान्याची खिडकी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील टॉवरकडे तोंड करून आहे. तेथें आंकडा उणें 72. दादांची खोली आंतल्या हवेच्या चौकाकडे. तेथें उणें 104. म्हणजे दोन खोल्यांत सुमारें दीड हजार पटींचा फरक. डब्याच्या फटींतून निसटून गेलेली थोडीशी लहर दिवाणखान्यांत फोन वाजविण्यास पुरेशी होती. आंतल्या खोलींत मूळचेंच भांडवल इतकें थोडें कीं डब्याचा कर भरल्यावर कांहीं उरलें नाहीं. वहिनींचा प्रयोग खोटा नव्हता. तो एका खोलींत केला, आणि विसंबल्या दुसऱ्या खोलींत.

ह्याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. टॉवरशीं बोलतांना फोन आपला आवाज गरजेप्रमाणें लहान-मोठा करतो. टॉवर जवळ असला, वाट मोकळी असली, तर तो अगदीं हळू बोलतो. वाटेंत अडथळा आला तर ओरडूं लागतो. कुंद झालेल्या वाटेनें संपर्क अगदीं तुटेपर्यंत डब्यांतला फोन आपल्या परीनें ओरडत राहिला असला पाहिजे. संध्याकाळीं भरलेली त्याची बॅटरी सकाळीं संपत आली होती. पाठीवर चकती चिकटविणारांनींही हें लक्षांत घ्यावें. चकती लहान असेल तर ती कांहींच करीत नाहीं. अँटेना झांकण्याइतकी मोठी असेल तर फोनाला अधिक जोरानें बोलावयास लावते, म्हणजे ज्यासाठीं पैसे दिले त्याच्या उलट होतें. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी संस्थेनें अशा चकत्यांविषयीं ग्राहकांस नेमका हाच इशारा दिलेला आहे. धातूची पाठ असलेल्या फोनांवर कांठाशीं प्लॅस्टिकची बारीक रेघ दिसते, ती शोभेची नसून लहरींना जाण्यासाठीं मुद्दाम राखलेली वाट असते. आपण तीवर धातूचें पाकीट चढवितों!

ज्यांना फोनाच्या लहरींची शरीरासाठीं चिंता वाटते त्यांच्यासाठीं सरकारनें मर्यादा घालून दिलेली आहे. 1 सप्टेंबर 2012 पासून भारतांत फोनाच्या लहरींची शरीरांत शोषली जाणारी शक्ति, एक ग्रॅम ऊतकाच्या सरासरीनें, दर किलोग्रॅमला 1.6 वॅटहून अधिक असतां कामा नये. आपल्या फोनाचा आंकडा पुष्कळ फोनांवर *#07# हीं बटणें दाबलीं असतां पडद्यावर येतो. फोन कानापासून दोन बोटें दूर धरणें, लांबलचक गप्पा मारावयाच्या तर तारेचें कर्णयंत्र लावणें, रेंज नसलेल्या जागीं, उदाहरणार्थ लिफ्टच्या पोलादी पेटींत, बोलणें टाळणें, एवढें केलें तर त्या चकतीच्या दामांत एखादें चांगलें पुस्तक येईल.

फोनाच्या आवाजाला खरोखर भिण्याचें ठिकाण पाहावयाचें असेल तर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जावें. तेथें महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रा. गोविंद स्वरूप (1929–2020) ह्यांच्या पुढाकारानें ती उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. त्यांतल्या चौदा मध्यभागीं एकवटलेल्या, बाकीच्या सोळा तीन दिशांस कित्येक किलोमीटर पसरलेल्या. आम्ही दादांसह दोन वर्षांपूर्वीं राष्ट्रीय विज्ञान दिनीं, म्हणजे 28 फेब्रुवारीस, तेथें गेलों होतों. फोन बंद करण्यास सांगण्यांत आलें तेव्हां नातवंडें कुरकुरलीं. परंतु ज्या दुर्बिणीला तारकाविश्वांतील हायड्रोजनची कुजबुज ऐकावयाची, तिच्या कानाशीं खिशांतला फोन म्हणजे देवघरांत वाजविलेला ताशा. 19 ऑक्टोबर 2016 रोजीं युरोपचें 'शियापारेली' यान मंगळावर उतरत असतां, त्याच्या लहानशा प्रेषकाच्या लहरी ह्याच थाळ्यांनीं पृथ्वीवर टिपल्या, आणि उतरतां उतरतां त्या एकाएकीं थांबल्या हेंही पहिल्यानें येथेंच कळलें. मंगळावरची हांक खोडदला ऐकूं यावी, आणि आंतल्या खोलींतल्या दादांची वसईस पोंचूं नये!

दादा जन्मभर रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार खात्यांत होते. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील 1500 व्होल्टांचा एकदिश प्रवाह जाऊन तेथें 25,000 व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह आला; तें काम 2012 सालीं पुरें झालें. अशा प्रवाहाच्या तारेशीं समांतर जाणाऱ्या टेलिफोनच्या केबलींत आपोआप वीज उत्पन्न होते, म्हणून त्या केबलींना ॲल्युमिनियमचा अंगरखा घालून तो जमिनीशीं जोडावा लागतो. टाके पडलेलें कपाळ घेऊन ते मला म्हणाले, "अरे, आम्हीं सारा जन्म केबलींना अंगरखे घातले. गाडीच्या तारेला कोणी डब्यांत घातलें नाहीं. तिला डब्यांत घातलें असतें तर गाडी कशी धांवली असती?" मग हें त्यांनीं आधीं कां सांगितलें नाहीं, असें मीं विचारलें. ते म्हणाले, "ती इतकी घाबरली होती कीं डबा काढ म्हणवेना."

आणि आतां पेसमेकर. दादांच्या डॉक्टरांस मीं विचारलें तेव्हां त्यांनीं टेबलाच्या खणांतून एक नमुना काढून माझ्या हातावर ठेवला. गारगोटीसारखी गुळगुळीत, चपटी, टायटॅनियमची डबी. चहूंकडून झाळून पूर्ण बंद केलेली. हृदयाकडे जाणाऱ्या तारा जेथें बाहेर पडतात तेथेंच काय तें दार; आणि त्या दारांतही बाहेरच्या लहरी गाळून टाकणारे बारीक घटक बसविलेले असतात. म्हणजे ज्याचें रक्षण करावयाचें त्याला डबा पूर्वींच घातलेला होता, आणि तो वहिनींच्या डब्याहून शतपटींनीं चांगला होता. डॉक्टरांनीं नियम सांगितले ते एवढेच: फोन यंत्रापासून 15 सेंटीमीटर, म्हणजे वीतभर, दूर असावा, यंत्र डाव्या बाजूस असेल तर फोन उजव्या कानाला लावावा, सदऱ्याच्या वरच्या खिशांत कधींही ठेवूं नये.

शेवटच्या नियमाला एक निराळेंही कारण आहे, आणि तें लहरींचें नाहीं. हल्लींच्या कांहीं फोनांच्या पाठीशीं, बिनतारी चार्जर नेमका चिकटावा म्हणून, प्रबळ लोहचुंबकांचें कडें असतें. हृदयाचीं हीं यंत्रें तपासतांना डॉक्टरांना सोयीचें पडावें म्हणून त्यांत लोहचुंबकाला जागें होणारी एक कळ ठेवलेली असते. चुंबक जवळ आला तर पेसमेकर ठराविक गतीनें चालूं लागतो, आणि हृदयास धक्का देणाऱ्या डिफिब्रिलेटरचें काम तात्पुरतें थांबतें. 2021 सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं एका रोग्याच्या छातीशीं 'आयफोन 12' धरून हें प्रत्यक्ष दाखविलें, व त्याच वर्षीं तेथील अन्न व औषध प्रशासनानें सहा इंचांच्या अंतराची सूचना काढली. स्थिर लोहचुंबकाला टायटॅनियमची डबी अडवीत नाहीं, स्टेनलेस स्टीलचा डबाही पुरता अडवीत नाहीं. त्याला अडवितें फक्त अंतर. पत्रकांतली पुढची ओळ हीच होती: 'निदान 15 सेंटीमीटर.' मीं ती वहिनींना वाचून दाखविली. त्यांनीं शिवणाची फीत आणून दादांच्या छातीपासून उशापर्यंतचें अंतर मोजलें. तें 40 सेंटीमीटर भरलें. फीत गुंडाळीत त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

परवां गणपतीच्या तयारीसाठीं तो डबा खालीं निघाला. त्या रात्रीं आपटल्यामुळें झांकणाच्या कांठाला पोंचा आला आहे, आणि तें आतां पूर्वींसारखें बसत नाहीं. "भाऊजी, ह्यांत आतां लाडू मऊ पडायचे," असें म्हणून वहिनींनीं तो भाजणीसाठीं वेगळा काढला. आंतल्या खोलींत दादा खाटेवर बसून, उजव्या कानाला फोन लावून, वसईच्या पुतणीशीं बोलत होते. रेंज कमीच होती. ते मोठ्यानें बोलत होते.